केंद्र बंद, हजेरी चालू

हाइलब्रॉन, जर्मनी

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार. वि. वि.

दिवाळीत काका राजापूरहून बडोद्याला दांडिया बाजारात आले की फराळ राहतो बाजूला आणि जैतापूरच्या अणुकेंद्राचा वाद सुरू होतो, तुम्ही बाजूने आणि काका विरोधात, तसंच यंदाही झालं असं आई फोनवर म्हणाली. तुम्ही म्हणे मलाच साक्षीला काढलंत: "जर्मनांनी केंद्रं बंद करून काय मिळवलं, ते तिला विचारा." आणि काकांनी त्याच जर्मनांना आपल्या बाजूने उभं केलं. फोनवर एवढं सांगून होत नाही, म्हणून लिहिते. वाचून झालं की हे पत्र काकांकडे पाठवा.

बंद केली हे खरं. शेवटची तीन १५ एप्रिल २०२३ च्या रात्री थांबली: बव्हेरियातलं इसार-२, वायव्येचं एम्सलँड आणि आमच्या जवळचं नेकारवेस्टहाइम-२. फुकुशिमा झाल्यावर २०११ मध्ये सतरांपैकी आठ अणुभट्ट्या लगोलग थांबवल्या आणि उरलेल्यांना २०२२ अखेरची मुदत दिली. मग युक्रेनच्या युद्धाने गॅसची बोंब झाली, तेव्हा या तिघांना साडेतीन महिने वाढवून मिळाले. मला विचाराल तर क्रम उलटा झाला. कोळसा जाळायला कायद्याने २०३८ पर्यंत मुभा, आणि धड चालणारी अणुकेंद्रं आधी बंद! जेवणाच्या सुट्टीत हे बोलले की निम्मं टेबल माझ्यावर तुटून पडतं. इथपर्यंत बाबा, मी तुमच्या बाजूची.

पण "बंद" म्हणजे तुम्ही समजता तसं कुलूप नाही. नेकारवेस्टहाइम जुन्या दगडखाणीत बसवलंय, वर उतारावर द्राक्षमळे. सकाळी फाटकावर अजून रांग असते. मी केंद्राच्या मोडणीच्या नोंदी बघते, त्यामुळे अधूनमधून आत जावं लागतं. आत जाताना अंगावरचे सगळे कपडे, अगदी मोज्यांसकट, उतरवून त्यांचे घालायचे आणि छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा डोसमापक लावायचा. बाहेर येताना एका अरुंद कपाटात हात घालून उभं राहायचं, यंत्र उलटे आकडे मोजतं आणि मगच दार उघडतं. इंधन आधी पाण्याच्या टाकीत काही वर्षं थंड होतं, मग जाड लोखंडी पिंपात जातं. नंतर नळ, पंप, भिंती कापायच्या आणि तुकड्या न् तुकड्याचा किरणोत्सर्ग मोजायचा. बहुतेक काँक्रीट आणि लोखंड स्वच्छच निघतं, पण ते स्वच्छ आहे हे प्रत्येक तुकड्याला सिद्ध करावं लागतं. वाडा पाडून त्याची वीट न् वीट सोनाराच्या काट्यावर घालावी तसं. या पद्धतीने एका केंद्राला पंधरा-वीस वर्षं लागतात.

काकांना व्यूल आवडेल. फ्रायबुर्गजवळचं गाव. कुलिंग टॉवरच्या धुक्याने द्राक्षं बिघडतील म्हणून मळेवाले उठले आणि १९७५ मध्ये शेतकरी, बायका, विद्यार्थी प्रकल्पाच्या जागेवरच जाऊन बसले. केंद्र झालंच नाही, तिथे आता राखीव जंगल आहे. जैतापूरला विरोध करणाऱ्या साखरी नाटेच्या मच्छिमारांना हे जरूर सांगावं.

बाबांना मात्र म्युलहाइम-केर्लिखच्या केंद्राचं सांगते. भूकंपाच्या भीतीने इमारत सत्तरेक मीटर सरकवली, परवानगी मात्र जुन्या जागेचीच राहिली. १९८७ ला सुरू झालेलं केंद्र १९८८ मध्ये कोर्टाने बंद केलं. जेमतेम तेरा महिने वीज दिली, आणि मोडणं २००४ पासून चाललंय! कुलिंग टॉवर २०१९ मध्ये पाडला. ऱ्हाइनकाठी काल्कारला तर सात अब्ज मार्क घालून फास्ट ब्रीडर जातीची अणुभट्टी बांधली, ती एक दिवसही न चालवता १९९१ मध्ये रद्द केली आणि एका डच माणसाला विकली. आता तिथे जत्रेसारखी करमणूक बाग आहे. टॉवरच्या आत झोपाळ्यांचं चक्र फिरतं आणि बाहेरच्या भिंतीवर पोरं चढतात.

खरा घोळ पिंपांचा आहे. सगळ्या देशातली मिळून सुमारे १,९०० होतील, आणि कायमची पुरायला जागा अजून ठरलेली नाही. वर्षानुवर्षं गोर्लेबेनच्या मिठाच्या खाणीवर भिस्त होती, २०२० मध्ये तीही यादीतून गेली. तोवर बहुतेक पिंपं बंद केंद्रांच्याच आवारात गोदामात उभी. पैशांचं एक बरं केलं: २०१७ मध्ये वीज कंपन्यांकडून २४.१ अब्ज युरो एका निधीत भरून घेतले. त्यातून कचऱ्याची सोय करायची, मोडणी कंपन्यांनी स्वतःच्या खिशातून.

आता आपलं. खत कारखान्यात असताना शेजारच्या जड पाण्याच्या प्लांटबद्दल तुम्ही कौतुकाने सांगायचात. त्या पाण्यावरच चालणाऱ्या जातीची काक्रापारची ७०० मेगावॅटची दोन नवी युनिटं २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी उत्पादनात आली, आणि मला त्याचा अभिमानच वाटतो. (हे सुरतेकडच्या मांडवीजवळचं म्हटलं की आई अजून आपल्या बडोद्याच्या मांडवी दरवाजाकडे बघत असेल.) भावनगरजवळ मिठीविर्डीला योजलेलं केंद्र मात्र लोकांनी होऊ दिलं नाही, ते आंध्रात कोव्वाड्याला गेलं. म्हणजे गुजरातेतही एक व्यूल झालंय, तुम्ही ते काकांना कधी सांगत नाही!

शिवाय आपण जर्मनांसारखं वापरलेलं इंधन तसंच ठेवून देत नाही. तारापूर आणि कल्पाक्कमला त्यावर प्रक्रिया होते, त्यामुळे इथली पिंपं दाखवून काकांनी जैतापूर अडवू नये. पण मोडणीचं काय? आपल्याकडे त्यासाठी युनिटमागे दोन पैसे धरतात. जैतापूरला सुमारे १,७०० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या योजल्यात. त्या दोन पैशांत मोडून होतील का, याचा हिशेब तुम्ही दोघं कागद-पेन्सिल घेऊन करा. मी नेकारवेस्टहाइममध्ये जे बघते त्यावरून मला तरी पुरतील असं वाटत नाही. तुमचं उत्तर वेगळं आलं तर आकड्यांसकट कळवा.

आईच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा, फोनवर ती टाळते.

तुमची,
धाकटी