शॅडोहार्टला दुबळी म्हणू नका

महोदय,

आपल्या युवा पुरवणीतील व्हिडिओ गेमवरच्या लेखात ‘उपचार करणारे पात्र म्हणजे दुबळे पात्र’ असे ठरवून टाकले आहे. मला ते अजिबात पटले नाही. मी परिचारिका आहे आणि रात्रपाळी नसेल तेव्हा धाकट्या भावाबरोबर लारियन स्टुडिओजचा २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ खेळते. त्यातली शॅडोहार्ट ही उपचार करणारी पुजारीण आमच्या चमूत कायम असते.

तिचे खरे बळ ‘हीलिंग वर्ड’मध्ये आहे. हा मंत्र १८ मीटरवरून चालतो आणि त्याला बोनस ॲक्शन, म्हणजे पाळीतली जादाची छोटी कृती, पुरते. कोसळलेला सोबती उभा राहतो, शिवाय तिची मुख्य ॲक्शन शिल्लक राहते. भरून येणारे जीवनगुण थोडेच, पण उभा राहिलेला गडी पुन्हा वार करू शकतो! ‘ब्लेस’ मंत्र तर एकाच वेळी तिघांचा नेम सुधारतो. शत्रू लवकर पडला, की जखमाही कमी होतात. हेही उपचारच, असे मी मानते.

उणिवा आहेतच. तिचा ‘सेक्रेड फ्लेम’ हा हल्ल्याचा मंत्र चपळ शत्रू सहज चुकवतात. तिला मार बसला, की ‘ब्लेस’ टिकवणारी एकाग्रता मोडून तो मंत्र जाऊ शकतो. पहिल्या पातळीवर मंत्रांचे स्लॉट, म्हणजे मंत्र वापरण्याच्या संधी, फक्त २. तिचे मूळचे ‘ट्रिकरी’ (फसवाफसवीचे) क्षेत्र, म्हणजे पुजारीण म्हणून तिची खासियत, उपचाराला फारसे उपयोगी नाही. खेळातल्या विदर्स या पात्राला १०० सुवर्णमुद्रा देऊन ते बदलावे आणि ‘लाइफ’ (जीवन) क्षेत्र घ्यावे, मग प्रत्येक उपचारमंत्र जास्त गुण देतो.

पुढच्या लेखात या बाजूचाही विचार व्हावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली