दहा आकडे, वीस बाइट आणि पूर्ण गुण

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकीच्या बदलत्या अभ्यासक्रमाविषयी आपल्या दैनिकात जी चर्चा चालू आहे, तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्ता कितव्या सत्रापासून शिकवावी यावरच सगळा भर दिसतो. माझे गाऱ्हाणे त्याहून जुने आणि साधे आहे. पहिल्या वर्षी आपण सी भाषा ज्या रीतीने शिकवतो आणि तपासतो, त्या रीतीत मेमरीची हद्द मोजण्याची सवय मुलांना लागतच नाही, आणि पुढे हीच मुले ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, काम करू लागतात. मी स्वतः लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे वेगवेगळे भाग चालवणारे प्रोग्रॅम, लिहिण्यात उभी नोकरी घालवली असल्यामुळे हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या हिवाळी सत्रात एका महाविद्यालयात बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. दहा आकडे वाचून त्यांची बेरीज दाखवण्याचा प्रोग्रॅम होता. एका विद्यार्थिनीने मॅलॉककडे, म्हणजे मेमरीत जागा मिळवून देणाऱ्या फंक्शनकडे, 'एन गुणिले २' बाइट (एन म्हणजे आकड्यांची संख्या) इतकी जागा मागितली होती. दोनच का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "सर, इंट दोन बाइटचा असतो. जर्नलमध्ये तसंच आहे." तिच्यासमोरच्या संगणकावर लिनक्स होते आणि तेथे इंट, म्हणजे सीमधला पूर्णांक, चार बाइटचा असतो, म्हणजे मागितले २० बाइट आणि लिहिले ४०. तरीही बेरीज बरोबर आली, कारण पुढची जागा त्या घटकेला कोणाच्या कामाची नव्हती. अंतर्गत परीक्षकांनी पूर्ण गुण मांडूनही टाकले होते. तोच प्रोग्रॅम मी जीसीसी या कंपायलरचा (प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाचा) ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीच्या हद्दीवरचा पहारा, चालू करून पुन्हा कंपाइल करायला लावला, तेव्हा सहावा आकडा देताच 'हीप बफर ओव्हरफ्लो', म्हणजे मागितलेल्या जागेबाहेर लिहिले गेल्याचा, लाल अक्षरांतला इशारा येऊन तो जागीच थांबला. मुलगी हुशार होती. क्षणभर पडद्याकडे पाहून तिने दोनच्या जागी, त्या यंत्रावरचा खरा आकार सांगणारे 'साइझऑफ' स्वतःच घातले.

हा दोन बाइटचा इंट टर्बो सीच्या काळातला आहे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा तो कंपायलर कित्येक प्रयोगशाळांतून वर्षानुवर्षे हलला नाही, आणि जेथून हलला तेथेही त्याच्यावर बेतलेली जर्नले वर्गावर्गातून उतरवली जात राहिली. डॉसमध्ये प्रोग्रॅमला परक्या मेमरीत शिरण्यापासून अडवणारी सोयच नव्हती. ॲरेच्या, म्हणजे ओळीने मांडलेल्या मूल्यांच्या जागेच्या, पलीकडे लिहिले तरी बहुधा कोणी हटकत नसे. मग 'चालतंय ना, मग झालं' हीच शुद्धतेची कसोटी ठरली.

साध्या प्रोग्रॅममध्ये ही सवय एकवेळ निभावते. त्याने आपल्या हद्दीबाहेर पाऊल टाकले तर कर्नल त्याला बंद करतो आणि बाकीचा संगणक चालू राहतो. कर्नलचाच तोल गेला तर सावरायला वर कोणी नसते. शिवाय तेथील चूक लगेच दिसतेच असे नाही. लिनक्स कर्नलमध्ये केमॅलॉककडे, म्हणजे कर्नलच्या मॅलॉककडे, १०० बाइट मागितले की तो ठरावीक मापांच्या खणांतून सहसा १२८ बाइटचा खण देतो. तुम्ही चुकून ११० बाइट लिहिलेत तरी काही बिघडत नाही; चाचण्या पार पडतात, माल ग्राहकाकडे जातो. एके दिवशी १४० बाइटचे पॅकेट येते, शेजारच्या खणातला एखादा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) पुसला जातो आणि यंत्र भलत्याच ठिकाणी कोसळते. अशा एका चुकीच्या मागे मी तीन आठवडे काढले आहेत. दोष सापडला तेव्हा दुरुस्ती एका ओळीची निघाली. मागितलेली जागा मिळालीच नाही तर काय, हाही प्रश्न तेथे पुस्तकी नसतो. इंटरप्ट, म्हणजे यंत्राच्या एखाद्या भागाने दिलेली तातडीची हाक, हाताळताना मेमरी मोकळी होईपर्यंत थांबण्याची मुभा नसल्यामुळे केमॅलॉक खरोखरच रिकाम्या हाताने परत येतो, आणि ते न तपासणारा ड्रायव्हर अख्ख्या यंत्राला घेऊन पडतो.

१९ जुलै २०२४ ची सकाळ वाचकांना आठवत असेल. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले जात होते आणि अनेकांनी तो सायबर हल्ला समजला. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा जो भाग विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो, त्याला मिळालेल्या नव्या माहितीत २१ व्या रकान्याचा उल्लेख होता आणि ॲरेत मूल्ये होती २०. एकविसावे वाचायला तो हद्दीबाहेर गेला, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. मोजणी न जुळण्याचा हा प्रकार आणि त्या विद्यार्थिनीचा 'गुणिले २' यांचे कूळ एकच.

लिनक्सही यातून सुटलेले नाही. २०१९ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीपासून जानेवारी २०२२ पर्यंत फाइल सिस्टिम जोडण्याच्या कोडमध्ये एक तपासणी अशी होती: ४०९६ मधून, म्हणजे बफरच्या (मजकूर साठवायच्या जागेच्या) आकारातून, २ आणि आधी भरलेली लांबी वजा करा, आणि नवा मजकूर उरलेल्या आकड्याहून मोठा असेल तर नाकारा. वाचायला अगदी निर्दोष वाटते. मात्र आधीची लांबी ४०९५ झाली की उत्तर उणे एक येते, आणि बिनचिन्ही संख्येत, जिला उणे बाजूच नसते, उणे एक म्हणजे मावणारी सर्वांत मोठी संख्या. तपासणी आपोआप पार होते आणि बफरबाहेर लिहिता येते. या वाटेने कंटेनरमधून, म्हणजे प्रोग्रॅमला बंदिस्त ठेवणाऱ्या कप्प्यातून, निसटून यंत्राचा पूर्ण ताबाही घेता येत होता. दुरुस्ती काय केली, तर वजाबाकीच्या जागी बेरीज मांडली. तपासणी केली होती, तीही जाणत्या माणसांनी, हे येथे मुद्दाम लक्षात घ्यावे.

मेमरीच्या अशा चुका बऱ्याच अंशी आधीच अडवणारी रस्ट भाषा आली, आता हे प्रश्न मिटतील, असे काही प्राध्यापक मित्र म्हणतात. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून लिनक्समध्ये रस्टला जागा मिळाली, हे स्वागतार्हच आहे. पण कर्नलमधील कोट्यवधी ओळी आजही सीमध्ये आहेत, आणि त्या सांभाळायला आजचेच विद्यार्थी लागणार आहेत.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना म्हणूनच माझी सूचना आहे की, सीच्या प्रात्यक्षिकात प्रोग्रॅम सॅनिटायझर चालू ठेवूनच तपासावा. हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रोग्रॅमला, उत्तर बरोबर आले तरी, पूर्ण गुण देऊ नयेत. आणि मॅलॉकने नल दिला, म्हणजे जागा नाकारली, तर तुमचा प्रोग्रॅम काय करील, हा प्रश्न तोंडी परीक्षेत प्रत्येकाला विचारावा. आकाराची पर्वा न करता ओळ वाचणारे 'गेट्स' हे फंक्शन सीच्या २०११ च्या मानकातूनच वगळले गेले आहे. निदान ते तरी जर्नलमधून जावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. जीसीसी फुकट मिळतो आणि मी पाहिलेल्या त्या प्रयोगशाळेत तो आधीपासूनच बसवलेला होता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रणाली अभियंता, पुणे