गुरूचं नातं कागदावर कधी?

संपादक महोदय,

तृतीयपंथीयांच्या निवारागृहांबद्दल वर्तमानपत्रांत अधूनमधून छापून येतं. निवारा हवाच आहे. पण ज्यांनी आम्हाला आजवर निवारा दिला, त्या आमच्या गुरूंबद्दल कायदा काहीच बोलत नाही, म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीची. वडील मागावर कामाला, आई घरी कांड्या भरायची. मी मुलगी आहे, हे पहिल्यांदा आईला सांगितलं. हातातलं काम न थांबवता तिनं एवढंच विचारलं, "ह्यांना कोण सांगणार?" सांगितलं थोरल्या भावानं, त्याच्या पद्धतीनं. त्याच रात्री घर सुटलं.

मिरजेत गुरूंनी, म्हणजे आम्हा तृतीयपंथीयांच्या घराच्या वडीलधाऱ्या प्रमुखांनी, ठेवून घेतलं. सुरुवातीला मंगतीला, म्हणजे लोकांकडे पैसे मागायला, जावं लागलं. ते मला जमेना, तसं सांगितल्यावर शिलाई मशीनही त्यांनीच घेऊन दिलं. आज फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून माझं भागतं.

गेल्या पावसाळ्यात गुरू घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मी सही करायला गेले, तर "रक्ताचं माणूस आणा" म्हणाले. रक्ताचं माणूस म्हणजे गोकाककडचा भाऊ. अनेक वर्षांत त्यानं बहिणीचं तोंड पाहिलेलं नव्हतं. तो दुसऱ्या दिवशी आला, सही केली आणि गेला. तोवर गुरू वेदनेनं कण्हत होत्या. त्यांची औषधं, पथ्य, रात्री पाय कसा ठेवायचा, हे सगळं मला ठाऊक होतं, पण सहीपुरती मी कोणीच नव्हते.

तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणासाठी केलेल्या २०१९ च्या कायद्यात कुटुंब म्हणजे रक्त, विवाह किंवा दत्तक एवढंच. कलम १२ नं आम्हाला आई-वडिलांच्या घरात राहण्याचा हक्क दिला, तो मोलाचा आहे. पण आई-वडील सांभाळू शकत नसतील, तर न्यायालयानं पुनर्वसन केंद्रात पाठवावं, असं त्याच कलमात आहे. गुरूच्या घराचं नाव कुठेच नाही.

काही डेऱ्यांत, म्हणजे गुरूंच्या घरांत, चेल्यांची (शिष्यांची) पिळवणूक होते, हे मला माहीत आहे. तिथं गुन्हे दाखल व्हावेत. पण सासरी छळ होतो म्हणून लग्नाचं नातंच कोणी खोटं धरत नाही. मग आमच्याच नात्याला हा न्याय का?

आई हल्ली गुरूंना बघायला मिरजेला येते. रेशनकार्डावर माझं नाव पुन्हा घालू म्हणते, मला त्याचा आनंद आहे. पण उद्या गुरूंना परत दवाखान्यात न्यावं लागलं, तर सही कोणाची चालेल? त्यांचं काही बरंवाईट झालं, तर देह कोणाच्या ताब्यात देणार? रुग्णानं स्वतः लिहून दिलेल्या माणसाची सही सर्व रुग्णालयांत ग्राह्य धरावी, असा स्पष्ट आदेश राज्याच्या आरोग्य विभागानं काढावा, एवढी माझी मागणी आहे.

— एक वाचक, मिरज