फोन करण्याआधी

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. संपर्क शोधाच्या, म्हणजे रुग्ण कुणाकुणाच्या जवळ आला ते शोधून त्यांना कळवायच्या, कामावर तुला घेतलंय, सोमवारपासून फोनवर बसायचंय, आणि तू म्हणतोस प्रश्नांची यादी पाठव. यादी तुला ऑफिसातून मिळेलच. नाव, वय, पत्ता, लक्षणं कधी सुरू झाली, कुणाकुणाला भेटलात. नुसती ती वाचून दाखवायची असेल तर तुझी गरज काय? मी यादीत नसतं ते लिहितो. पत्र लांबेल, सवडीने वाच.

पहिलं म्हणजे, ज्या विषाणूची साथ आहे त्याचं वेळापत्रक पाठ कर. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत किती दिवस, आणि माणूस दुसऱ्याला लागण कधीपासून कधीपर्यंत देऊ शकतो. तुझा प्रत्येक प्रश्न यातूनच निघतो. २००३ ची सार्सची (कोविडच्याच कुळातल्या विषाणूच्या आजाराची) साथ लस नसतानाही आटोक्यात आली, याचं एक मोठं कारण हेच. त्या आजारात माणूस लक्षणं सुरू झाल्यावर, आणि बहुधा दुसऱ्या आठवड्यात, सगळ्यात जास्त विषाणू पसरवायचा. ताप आला की लगेच बाजूला काढलं तरी पुरायचं. कोविडने ही सवलत ठेवली नाही. तिथे लक्षणांच्या एकदोन दिवस आधीच पसरणं सुरू होतं, म्हणून 'घसा कधीपासून दुखतोय' या उत्तरावर न थांबता त्याच्या मागचे दोन दिवस खणावे लागतात. गोवरात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत लागण होऊ शकते, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहू शकतो. इबोलाचं उलट. लक्षणं नसताना तो माणूस कुणाला देत नाही, पण संपर्कात आलेल्यावर २१ दिवस नजर ठेवावी लागते. एका साथीचा फॉर्म उचलून दुसऱ्या साथीत वापरणारे साहेब तुला भेटतील. भांडू नकोस, पण स्वतःचे प्रश्न मनातल्या मनात बदलून घे.

'एक मीटरच्या आत, पंधरा मिनिटं' हे माप तुला पहिल्याच दिवशी शिकवतील. कोणाला आधी फोन करायचा हे ठरवायला ते बरं आहे. त्याला लक्ष्मणरेषा मात्र समजू नकोस. देवीचा निसर्गतः झालेला शेवटचा रुग्ण, सोमालियातल्या मेर्का गावचा अली माव मालिन, हॉस्पिटलात स्वयंपाकी होता. १९७७ च्या ऑक्टोबरात देवीचे दोन रुग्ण घेऊन एक गाडी आली, तिला रस्ता दाखवायला तो गाडीत बसला. काही मिनिटांचा प्रवास. ताप आला तेव्हा आधी मलेरिया समजले, मग कांजिण्या. देवी आहे हे कळल्यावर त्याच्या संपर्कातली १६१ माणसं शोधून काढली, आणि त्याच्यापासून पुढे एकालाही लागण झाली नाही. गाडीतली ती काही मिनिटं कुठल्याही तक्त्यात बसली नसती.

आता फोन. माझ्या मते या कामाचा नव्वद टक्के भाग पहिल्या दोन मिनिटांत ठरतो. (टक्केवारी माझी, शास्त्राची नव्हे.) पलीकडच्याला आपण पॉझिटिव्ह आहोत हे नुकतंच कळलेलं असतं, कधीकधी तुझ्याच तोंडून. त्या क्षणी 'कुणाकुणाला भेटलात' असं विचारलंस तर त्याला ते पोलीस चौकीतल्यासारखं ऐकू येतं. आधी तब्येत विचार. दम लागतोय का, छातीत दुखतंय का, घरी कोण आहे, औषधं आणून द्यायला कुणी आहे का. उत्तर पूर्ण होऊ दे. मग सांग की त्याचं नाव तू कुणालाही सांगणार नाहीस, आणि ते खरंच पाळ. ज्यांना तू पुढे फोन करशील ते विचारणारच, 'कोण आहे हो पॉझिटिव्ह? तोच ना, परवा खोकत होता तो?' हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. 'नाव मला सांगता येत नाही, उद्या तुमचंही सांगणार नाही,' एवढंच. पुढचा माणूस तुझ्याशी मोकळेपणाने बोलेल तो या वाक्यामुळे.

'मी कुणालाच भेटलो नाही' हे उत्तर तुला दिवसभर ऐकायला मिळेल. खोटं बोलतात असं नाही. घरची माणसं, शेजारी, ऑफिसात बाजूला बसणारा, यांना भेटणं म्हणजे भेटणं वाटतच नाही माणसाला. म्हणून भेटींबद्दल न विचारता दिवसाबद्दल विचार. सकाळी उठल्यावर काय केलंत? बाहेर पडलात तर कशाने? गाडीत शेजारी कोण? दुपारी कुठे बसलात? फोनमधले कॉल, फोटो, पैसे दिल्याचे मेसेज उघडायला सांग. तारीख आठवत नसली तरी मोबाइलला आठवते. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बस. आपण नवीन असताना शांतता सहन होत नाही, लगेच पुढचा प्रश्न टाकतो. माणूस त्याच शांततेत आठवत असतो.

एका बाईंचा फोन सांगतो. घरातल्या सगळ्यांची नावं त्यांनी धडाधड दिली, वयासकट. आई अंथरुणाला खिळलेल्या, हेही बोलता बोलता आलं. मी विचारलं, आईंचं कोण बघतं? 'मीच.' दिवसा तुम्ही कामावर असता तेव्हा? मग गप्प. मागे कपबश्यांचा आवाज येत होता, तो ऐकत बसलो. शेवटी त्या म्हणाल्या, 'एक मुलगी येते. पण तिला नका हो फोन करू. तिला घरी बसवलं तर तिचे पैसे बुडतात, आणि आणखी दोन म्हाताऱ्यांकडे ती जाते.'

बघ, जे नाव सगळ्यात आधी हवं होतं तेच सगळ्यात शेवटी आलं. त्यात बाईंचा वाईटपणा नव्हता. उलट त्या एका गरीब मुलीला सांभाळून घेत होत्या. लोक नावं लपवतात ती बहुतेक वेळा अशी, दुसऱ्याची रोजी जाऊ नये म्हणून, कुणाचं लग्न मोडू नये म्हणून, मालकाला राग येऊ नये म्हणून. यावर दमदाटीचा उपाय चालत नाही. 'कायद्याने गुन्हा आहे' म्हटलंस की ती बाई 'मुलगी येतच नाही' म्हणून मोकळी होणार. चालतं ते एकच, खरं सांगितल्याने होणारं नुकसान कमी करणं. घरी बसणाऱ्याला भरपगारी रजा मिळते का, सरकारी मदत आहे का, किराणा कोण पोचवेल, मालकाला द्यायला दाखला मिळेल का, हे सगळं सोमवारच्या आधी विचारून वहीत लिहून ठेव. ऑफिसात कुणाला माहीत नसेल तर माहीत असलेला माणूस हुडकून काढ. हातात ती वही नसेल तर तू फक्त वाईट बातमी देणारा माणूस आहेस.

घरोघर जाणं काय करू शकतं याचं उदाहरण म्हणून मी नेहमी नायजेरियाचं सांगतो. जुलै २०१४ मध्ये इबोला झालेला एक प्रवासी विमानाने लागोसला उतरला. त्याला हॉस्पिटलातून सोडा म्हणून दबाव येत असताना डॉ. अमेयो अडाडेवोह यांनी सोडलं नाही. पुढे त्या स्वतः इबोलानेच गेल्या. एवढ्या दाटीच्या शहरात काय होईल म्हणून जगाने श्वास रोखला होता. शेवटी एकूण रुग्ण २०, मृत्यू ८. जवळजवळ ९०० संपर्कांची यादी, आणि त्यांच्या दारात जाऊन ताप बघायच्या सुमारे १८,५०० भेटी. पोलिओसाठी उभी असलेली माणसं आणि यंत्रणाच या कामाला जुंपली होती. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. पण त्यातही एक फट राहिलीच. यादीतला एक माणूस लागोस सोडून पोर्ट हारकोर्टला गेला, तिथे एका डॉक्टरने त्याच्यावर गुपचूप उपचार केले, तो डॉक्टर दगावला आणि त्या शहरात शेकडो जणांची नवी यादी करावी लागली. तो का पळाला असेल? मला त्या अंथरुणाला खिळलेल्या आईंना सांभाळायला येणारी मुलगीच आठवते.

मागेही बघत जा. पुढे कुणाला दिलं हे सगळे विचारतात, याला कुठून आलं हे विचारायचं राहून जातं. बरेचसे रुग्ण पुढे कुणालाच देत नाहीत आणि थोडेजण एका झटक्यात खूप जणांना देतात. दक्षिण कोरियातल्या २०१५ च्या मर्सच्या (हाही त्याच कुळातला आजार) साथीत एकूण १८६ रुग्ण होते, त्यातल्या ८० च्या वर लोकांना सोलच्या एका आपत्कालीन कक्षात एकाच रुग्णापासून लागण झाली. म्हणून उगम सापडला की त्या एका जागेवरून दहा नवी नावं हाती लागतात. जपानने २०२० मध्ये याच अंगाने काम केलं.

आता सल्ल्याचं. आजारी माणसाचं विलगीकरण (आयसोलेशन), संपर्कात आलेल्या धडधाकट माणसाचं अलगीकरण (क्वारंटाइन). दोघांना सारखंच सांगू नकोस. आणि 'चौदा दिवस घरी बसा' असंही नको, कारण मोजणीत सगळे चुकतात. तारीख आणि वार सांग. शेवटची भेट ३ तारखेला झाली असेल तर तो दिवस शून्य, ४ तारीख पहिला, १७ तारीख चौदावा. पण रुग्णाबरोबर एकाच खोलीत राहणं चालूच असेल, तर मोजणी सुरूच झालेली नाही, हे समजावताना घाम फुटतो. सावकाश सांग, त्यालाच परत म्हणून दाखवायला सांग. दुसरा नेहमीचा वाद निगेटिव्ह रिपोर्टचा. 'टेस्ट निगेटिव्ह आली, मग कशाला कोंडता?' भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी टेस्ट केली तर विषाणू अजून सापडण्याइतका वाढलेलाच नसतो. आज सापडला नाही, एवढाच त्या कागदाचा अर्थ.

वेगळी खोली, वेगळं संडास-बाथरूम हे छापील पत्रकात असतं. ज्याच्याकडे एकच खोली आहे त्याला ते वाचून दाखवणं म्हणजे थट्टा. त्याला विचार, खिडकी कुठे आहे? रुग्णाचं अंथरुण तिकडे सरकवा, खिडकी उघडी ठेवा, दोघांनी मास्क लावा, रुग्णाने बाथरूमला शेवटी जावं, सेवेला एकानेच राहावं आणि त्यातही म्हातारं किंवा गरोदर माणूस नको. जमेल तेवढं. आणि धोक्याच्या खुणा प्रत्येकाला सांग. बसल्या जागी धाप, छातीत दाब, ओठ निळसर, बोलण्यात भ्रम, यातलं काहीही दिसलं की अलगीकरण-बिलगीकरण बाजूला, फोन करून थेट हॉस्पिटल. घरातून हलू नका म्हटलंय म्हणून घरातच थांबून राहिलेली माणसं असतात.

कोण कुणाच्या जवळ आलं याची ब्लूटूथने नोंद ठेवणाऱ्या मोबाइल अ‍ॅपबद्दल विचारलंयस. असू दे, मदत होते. पण दोन मोबाइलमध्ये भिंत होती की नाही ते ब्लूटूथला धड कळत नाही, आणि बाई गप्प झाल्या हेही कळत नाही.

एक दिवस असा येईल की यादी तुझ्या हाताबाहेर जाईल. कालचे फोन राहिलेत आणि आजचे दुप्पट. तेव्हा सगळ्यांना थोडं थोडं पुरवत बसू नकोस. रुग्णाच्या घरातले, दवाखान्यातले, वृद्धाश्रमातले आधी. बाकीच्यांना रुग्णानेच कळवावं म्हणून त्याला नेमकं काय बोलायचं ते दोन वाक्यांत मेसेज करून दे. आठवड्यापूर्वीच्या भेटीचा फोन आज करून फारसं हाती लागत नाही. काल भेटलेल्याला आज केलास तर एखादी साखळी तुटते.

शिव्या खाशील. फोन आपटतील. संध्याकाळी परत कर, बरेच जण दुसऱ्यांदा नीट बोलतात.

ऑफिसातून मिळालेला फॉर्म आणि ती मदतीची वही, दोन्हींचे फोटो रविवारपर्यंत पाठव. प्रश्नांचा क्रम कुठे फिरवायचा ते खुणा करून देतो. रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
जुना फोनवाला