शुगर बघता, मग पाय कोण बघणार?

संपादक महोदय,

2023 साली आयसीएमआरचा, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मधुमेहाचा सर्व्हे आला त्यात गोवा देशात पहिला, 26.4 टक्के प्रौढांना मधुमेह, त्यामुळे शुगरचे कॅम्प लागतात ते बरंच आहे. पण तिथे होतं काय, बोटाला सुई टोचतात, बीपी बघतात, गोड कमी करा सांगतात आणि पुढचा नंबर. चप्पल काढा, पाय दाखवा असं म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही, आणि आजोबा हल्ली किती चालता हो, हे विचारणारा तर नाहीच नाही.

आमच्या सासऱ्यांची शुगर जुनी. फोंड्याच्या बाजारात चार दुकानं झाली की थांबायचे, नारळाचा भाव विचारायचे, घ्यायचे काहीच नाही. पोटरी आवळून यायची, चारचौघांत उभं राहायला निमित्त हवं ना! दोन मिनिटं थांबलं की दुखणं जायचं, चाललं की परत. मग बाजार सुटला, मग भजन, मग म्हार्दोळची जत्रा. आता रात्री खाटेवरून पाय खाली सोडून बसतात, तसं केलं की रक्त उतरतं आणि जरा डोळा लागतो. शुगरचा रिपोर्ट मात्र एकदम बरा!

हे वयाचं दुखणं नव्हे, पायाच्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात. आणि शुगरमुळे ज्यांच्या नसा बधिर झाल्यात त्यांना तर दुखतही नाही, थेट बोट काळं पडल्यावर कळतं. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, 0.9 च्या खाली आलं की गडबड, एवढी साधी टेस्ट. जुन्या शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या कडक होतात म्हणून आकडा कधीकधी उगाच चांगला येतो, मग पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घ्यावं लागतं. तेवढं नको, पावलावरची नाडी चाचपून तरी बघा, त्याला मशीन लागत नाही.

यावर गोळ्या आहेत, अँजिओप्लास्टी आहे, तंबाखू सोडणं तर आलंच, पण पायाला जखम नसेल तर डॉक्टर चालायलाच सांगतात, दुखेपर्यंत चाला, बसा, परत चाला, असं अर्धा पाऊण तास, आठवड्यात तीनदा, तीनेक महिने तरी. आता बसायचं कुठे ते सांगा, फुटपाथवर स्कूटर आणि बस स्टँडवरच्या बाकावर कुणाची तरी पिशवी!

तेव्हा आरोग्य खात्याने प्रत्येक कॅम्पात आणि आरोग्य केंद्रात शुगरवाल्या वयस्कांचे पाय बघायची सक्ती करावी, लगेच बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवू नका, आधी तिथल्या तिथे बघा. पालिकेने बाजाराच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर बाक टाकावेत. आणि देवस्थान कमिट्यांनी एप्रिल-मेमध्ये तापलेल्या फरशीवर काथ्याच्या चटया घालाव्यात, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, घरी आल्यावर फोड दिसतो.

एक वाचक, फोंडा