गॅस गीझर: वास नाही म्हणून भीती नाही

संपादक महोदय,

स्वयंपाकघरात गॅसचा जरा वास आला की रेग्युलेटर बंद होतो, खिडक्या उघडतात, एजन्सीला फोन जातो. योग्यच आहे. पण त्याच घरातल्या बंद बाथरूममध्ये गॅस गीझर बिनदिक्कत पेटतो. सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम दिलेला असतो. गीझरच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना वास, ना रंग. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. डोके जड होते, पायांतले बळ जाते आणि दाराची कडी काढायचे राहून जाते.

एक्झॉस्ट पंखा लावला की झाले, हा समज तर घातकच. बाहेरची हवा आत यायला झरोका नसेल, तर धुराड्यातून जाणारा धूर पंखा उलटा आत ओढतो. गीझर बाथरूमबाहेर हवेशीर जागी बसवावा, आत फक्त गरम पाण्याची नळी घ्यावी. ते होईपर्यंत दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात आणि गीझर बंद करून, हवा खेळल्यावरच आंघोळ करावी. ज्योत पिवळी दिसली किंवा काजळी धरली, तर दुरुस्तीपर्यंत गीझर पेटवू नये. निळी ज्योत ही मात्र हमी नव्हे.

कोणी आत कोसळलेच, तर आधी उघड्या हवेत आणावे, 108 ला फोन करावा. कोविडपासून घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेतही तो 98 दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला वेगळे ओळखता येत नाही.

– एक वाचक, पुणे