पायाला लावलेल्या त्या लाल दिव्यासाठी

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

कऱ्हाडच्या त्या छोट्या प्रसूतिगृहात तुम्ही माझ्या लेकीच्या आधी उजव्या हाताला, मग पायाला लाल दिव्याचा प्रोब गुंडाळलात, त्याला चार वर्षं झाली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा आला 78 टक्के, म्हणजे फारच कमी. तुम्ही पाय पुसून, चोळून ऊबदार केलात, पुन्हा लावलात. पुन्हा 78.

"पण बाळ निळं कुठे दिसतंय?" मी विचारलं. गरोदरपणी डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या कितीतरी मालिका पाहिल्या होत्या. त्यांत हृदयाचा दोष असलेलं बाळ बघताक्षणी निळंजांभळं दिसतं, मशीन किंचाळतं, डॉक्टर धावतात. माझी लेक तर दुपट्यात शांत निजली होती, धापसुद्धा नव्हती. तुम्ही अलगद तिची हनुवटी खाली केलीत. जिभेवर जांभळट छटा होती. "आपल्या सावळ्या रंगात कातडीवर लवकर कळत नाही हो. जीभ बघायची."

हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झाली होती. शुद्ध रक्त फुफ्फुसातच फिरत होतं, अशुद्ध रक्त अंगभर. जन्मानंतर एरवी मिटून जाणारी एक वाहिनी अजून उघडी होती, तीही मिटायला लागली होती. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन सुरू झालं, पण त्या औषधाने बाळाचा श्वास थांबू शकतो. म्हणून ड्युटी संपलेली असूनही तुम्ही पुण्याच्या ॲम्ब्युलन्समध्ये चढलात. खंबाटकी घाटात दोनदा तिचा श्वास थांबला. दोन्ही वेळा तुम्ही तळपायावर टिचकी मारलीत आणि ती रडली.

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. 1975 मध्ये ब्राझीलच्या अदिब जतेने यांनी या धमन्या जागच्या जागी बदलून दाखवल्या, त्यांचे आणि आमच्या सर्जनचे उपकार फिटणार नाहीत. पण मालिका तिथेच संपते. नळीतून दिलेलं पाच-पाच मिली दूध, वजनकाट्यावरचे वीस ग्रॅम, छातीवरचा टाका दुखेल म्हणून लेकीला उचलायला घाबरणारी आई, यातलं काही दिसत नाही. त्या दिवसांत रोज संध्याकाळी तुमचा फोन यायचा: "आज दूध किती घेतलं?"

आता ती बालवाडीत जाते, वर्षातून एकदा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतो. कुणाकडे बाळ बघायला गेले की अंगडं-टोपडं हातात देण्याआधीच मी विचारते, "पायाला प्रोब लावून बघितला का?"

तुमची,
तीन नंबर बेडवरची बाळंतीण